मार, भूक आणि बोलणी : चिनी माणूस आपल्या देशाच्या भरभराटीकडे कसा पाहतो

चिनी भाषेत ‘आय’ असं एक क्रियापद आहे. नको असलेली गोष्ट सोसावी लागणं, असा त्याचा साधारण अर्थ. ‘आय दा’ म्हणजे मार खाणं, ‘आय अ’ म्हणजे उपाशी राहणं आणि ‘आय मा’ म्हणजे बोलणी खाणं. मराठीतही आपण मार खातो आणि बोलणीही खातो, त्यामुळे हे शब्द आपल्याला चटकन कळतात. २०१५च्या डिसेंबरमध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या प्रशिक्षण संस्थांच्या बैठकीत शी जिनपिंग यांनी चीनचा अख्खा आधुनिक इतिहास या तीन शब्दांत बसवला. मागासलेले राहिलात तर मार खाल, गरीब राहिलात तर उपाशी राहाल, स्वतःचा आवाज नसेल तर बोलणी खाल. पहिले दोन प्रश्न आधीच्या पिढ्यांनी सोडवले, तिसरा अजून सुटायचाय, असं त्यांचं म्हणणं.

ही पक्षाची मांडणी आहे, हे खरं. तरीही चीन समजून घ्यायचा असेल तर मी तिथूनच सुरुवात करीन. आपण बाहेरून पाहताना विचारतो, अर्थव्यवस्था किती मोठी झाली, अमेरिकेला कधी गाठणार, युद्धनौका किती. तिथला सामान्य माणूस वेगळ्या फूटपट्टीने मोजतो. आजोबांनी काय सोसलं, आईबापांनी काय सोसलं आणि मी काय सोसतोय, ही ती फूटपट्टी. देशाचा अभिमान आणि स्वतःच्या जगण्याबद्दलची तक्रार त्याच्या मनात एकाच वेळी नांदतात, त्याचं कारणही इथेच सापडतं.

आधी मार. चिनी शाळेत देशाचा आधुनिक इतिहास सुरू होतो तोच १८४०च्या आसपास, अफूच्या युद्धापासून. इंग्रजांना चहा हवा होता आणि त्याच्या बदल्यात त्यांना चांदी मोजावी लागे. चांदीची ही गळती थांबवायला हिंदुस्थानात पिकलेली अफू चीनमध्ये विकायला सुरुवात झाली. गावंच्या गावं व्यसनी व्हायला लागली. चिनी दरबाराने बंदी आणली, १८३९मध्ये अफूचे साठे नष्ट केले, तेव्हा इंग्रजांच्या युद्धनौका आल्या. १८४२च्या नानजिंगच्या तहाने हाँगकाँग गेलं, पाच बंदरं परक्या व्यापाऱ्यांना उघडी करावी लागली आणि वर भरपाईही भरावी लागली. १८९५मध्ये जपानकडून हार झाली आणि तैवान गेलं. १९३७मध्ये जपानी सैन्याने नानजिंगमध्ये कत्तल केली. १८४० ते १९४९ या काळाला तिथे ‘मानहानीचं शतक’ म्हणतात.

यातलं एक पान आपल्या घरचं आहे. बंगाल-बिहारकडच्या अफूवर कंपनीची मक्तेदारी होती. पण माळव्याची अफू, म्हणजे होळकर-शिंद्यांच्या मुलखात पिकणारी, आधी बरीचशी दमणमार्गे आणि पुढे मुख्यतः मुंबई बंदरातून चीनच्या कँटन बंदराकडे जायची. मुंबईच्या कितीतरी घराण्यांची श्रीमंती या व्यापारातून आली. जमशेटजी जीजीभाई यांची संपत्तीही चीनशी केलेल्या कापूस आणि अफूच्या व्यापारातलीच. त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला १८४२ साली, नानजिंगचा तह झाला त्याच वर्षी. भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कलाशाळा त्यांच्या देणग्यांतून उभी राहिली. कितीतरी गरिबांचे प्राण वाचवणारं हे रुग्णालय आणि कँटनकडे जाणारी ती अफूची खोकी, या दोन गोष्टी एकाच हिशेबवहीत आहेत, हे आपण विसरू नये असं मला वाटतं. याच इतिहासात दुसरं पानही आपलंच आहे. १९३८मध्ये, चीन सर्वांत जास्त मार खात होता तेव्हा, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस वैद्यकीय पथकातून तिथे गेले. १९४२मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी, तिथेच वारले. चीनमध्ये ते ‘क दिहुआ’ या नावाने ओळखले जातात आणि शिजियाझुआंग शहरात त्यांचा पुतळा आहे.

मानहानी म्हणजे काय, हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर बीजिंगच्या वायव्येला युआनमिंगयुआन आहे. सम्राटांचा उन्हाळी महाल, तलाव, बागा, मंडप. त्यातल्या एका कोपऱ्यात युरोपीय धर्तीच्या दगडी इमारती होत्या. ऑक्टोबर १८६०मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी हा महाल लुटला आणि इंग्रजांचे दूत लॉर्ड एल्गिन यांच्या हुकमावरून तो जाळला. (हेच एल्गिन दीड वर्षात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले.) लाकडी मंडप पार गेले, दगड तेवढे उरले. आज तिथे पांढऱ्या संगमरवराचे तुटके खांब, कोरीव कमानींचे तुकडे गवतात पडलेले आहेत. चीनने मनात आणलं असतं तर महाल पुन्हा बांधणं अवघड नव्हतं. पण ते अवशेष तसेच ठेवलेत आणि शाळांच्या सहली तिथे येतात. कारंज्यापाशी बारा राशींच्या प्राण्यांची ब्राँझची मस्तकं होती, ती लुटीत गेली. त्यातलं उंदराचं आणि सशाचं मस्तक २००९मध्ये पॅरिसच्या एका लिलावात निघालं, तेव्हा अख्खा चीन संतापला. २०१३मध्ये ती दोन्ही परत आली. कुणाला वाटेल, दीडशे वर्षांपूर्वीच्या दोन मस्तकांचं एवढं काय? पण मार खाल्लेल्याला तो दिवस आठवतो, मारणाऱ्याला आठवत नाही.

म्हणूनच चिनी नेते ‘उदय’ या शब्दापेक्षा ‘पुनरुत्थान’ हा शब्द पसंत करतात. १८२०च्या सुमारास जगातल्या एकूण उत्पन्नाचा जवळपास तिसरा हिस्सा चीनचा होता, असा आर्थिक इतिहासकारांचा अंदाज आहे. त्या नजरेने पाहिलं तर आज जे घडतंय ते नवं काहीच नाही. हरवलेली जागा परत मिळतेय एवढंच. एखादं जुनं घराणं कर्जातून बाहेर यावं, तशी ही भावना आहे.

आता भूक. इथे आकडे सांगण्याआधी एक चिठ्ठी दाखवायला हवी. चीनमध्ये १९५५पासून धान्याची कुपनं होती. पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडी मोठी, रंगीत छपाई, वर धान्याचं वजन लिहिलेलं. हॉटेलात शेवयांचा एक वाडगा घ्यायचा तर पैशाबरोबर कुपन द्यावं लागे. खिशात पैसे आहेत पण कुपन नाही, तर उपाशी. एका प्रांताचं कुपन दुसऱ्या प्रांतात चालत नसे. परगावी जायचं तर देशभर चालणारं वेगळं कुपन आधी मागून घ्यावं लागे. कापडाला कुपन, तेलाला कुपन. लग्नाच्या वेळी मुलीकडचे ‘तीन फिरणाऱ्या आणि एक वाजणारी’ वस्तू मागत: सायकल, घड्याळ, शिलाई मशीन आणि रेडिओ. धान्याची ही कुपनं बंद झाली १९९३ साली. म्हणजे आज पन्नाशीत असलेल्या कितीतरी चिनी माणसांनी ती स्वतःच्या हाताने मोजलीत.

त्याआधीची भूक तर याहून भयंकर होती. उत्पादन झपाट्याने वाढवण्याच्या माओंच्या ‘मोठी झेप’ या मोहिमेनंतर १९५९ ते १९६१ या काळात पडलेल्या दुष्काळात दीड कोटींपासून साडेचार कोटींपर्यंत माणसं मेली, असे वेगवेगळे अंदाज आहेत. हा दुष्काळ अस्मानी नव्हता. खोटे उत्पादनाचे आकडे वर पाठवले गेले आणि त्या आकड्यांप्रमाणे धान्य उचललं गेलं. आन्हुई प्रांतातल्या शियाओगांग गावाने हे भोगलं होतं. तिथले लोक दुष्काळात भीक मागायला बाहेर पडत. १९७८च्या अखेरीस तिथल्या १८ शेतकऱ्यांनी रात्री एका मातीच्या घरात जमून एक कागद लिहिला. सामूहिक जमीन आपापसांत वाटून घ्यायची, सरकारचा हिस्सा सरकारला द्यायचा, उरेल ते ज्याचं त्याचं. त्या वेळी हा गुन्हा होता. म्हणून त्याच कागदावर असंही लिहिलं की, यासाठी कुणाला तुरुंग झाला, मृत्युदंड झाला, तर त्याची मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीचे सांभाळतील. खाली लाल अंगठे. पुढच्या वर्षी पीक आधीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आलं. माओंनंतरचे नेते देंग शियाओपिंग यांच्या काळात हीच पद्धत देशभर गेली.

चीनमध्ये या गोष्टीवरून एक जुना वाद आहे, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. ही भरभराट नेमकी कुणी केली? पक्षाने केली की पक्षाने हात सैल सोडल्यावर लोकांनी केली? पेकिंग विद्यापीठातले दोन नामवंत अर्थतज्ज्ञ, जस्टिन यिफू लिन आणि झांग वेइयिंग, यांनी २०१६मध्ये या मुद्द्यावर जाहीर वादविवाद केला. लिन म्हणतात, कोणते उद्योग वाढवायचे हे ठरवून सरकारने हातभार लावला नसता तर एवढी मजल गेली नसती. झांग यांचं म्हणणं असं की उद्या कोणता धंदा चालेल हे सरकारी अधिकाऱ्याला कळणं शक्य नाही; जे झालं ते बाजारपेठेमुळे आणि धडपड्या माणसांमुळे. इतिहासकार छिन हुई यांनी तिसरीच गोष्ट बोलून दाखवली. त्यांच्या मते चीनचा माल स्वस्त पडला, कारण कामगाराला संघटना करता येत नव्हती आणि शेतकऱ्याची जमीन काढून घेताना त्याला विचारावं लागत नव्हतं. ‘कमी मानवी हक्कांचा फायदा’ असं नाव त्यांनी त्याला दिलं.

वाद काहीही असो, पोटाची गोष्ट खोटी नाही. जागतिक बँकेच्या हिशेबाने चाळीस वर्षांत सुमारे ८० कोटी लोक अतिगरिबीतून वर आले. २०१०मध्ये चीनने जपानला मागे टाकून अर्थव्यवस्थेच्या आकारात जगात दुसरा क्रमांक घेतला. आजी कुपन मोजायची, आई शेन्झेनच्या कारखान्यात खेळणी जोडायची आणि नातू मोबाइलवरून भाजी मागवतो. तीन पिढ्यांत एवढं अंतर कापलेल्या घराला अभिमान वाटणारच. त्या अभिमानाला प्रचार म्हणून झटकून टाकणं हे त्या आजीवर अन्याय करणं आहे.

मग बोलणी. देंग यांचा सल्ला होता, तेज झाकून ठेवा, गुपचूप ताकद वाढवा. २००३मध्ये पक्षाचे विचारवंत झेंग बिजियान यांनी ‘शांततामय उदय’ ही कल्पना मांडली. पण ‘उदय’ शब्दाने शेजारी घाबरतील म्हणून वर्षभराच्या आतच सरकारी भाषणांत त्या जागी ‘शांततामय विकास’ आला. एवढी तेव्हा सावधगिरी होती. ती पुढे संपली. मार्च २०२१मध्ये अलास्कातल्या अँकरेज शहरात अमेरिकी आणि चिनी मंत्री समोरासमोर बसले. चीनचे ज्येष्ठ मुत्सद्दी यांग जिएची कॅमेऱ्यांसमोर अमेरिकेला म्हणाले की, वरच्या पायरीवरून आमच्याशी बोलण्याची तुमची लायकी नाही आणि चिनी माणूस असलं काही खपवून घेत नाही. काही दिवसांत ते वाक्य छापलेले टी-शर्ट विकायला आले. सरकारी वृत्तपत्राने दोन छायाचित्रं शेजारी शेजारी टाकली: एक १९०१चं, आठ देशांच्या फौजांपुढे हरलेला चीन अपमानास्पद करारावर सही करतोय, दुसरं २०२१चं. चिनी पंचांगात साठ वर्षांचं चक्र असतं, आपल्या संवत्सरांसारखंच. त्या चक्रात १९०१ आणि २०२१ ही दोन्ही वर्षं एकाच नावाची आहेत. हा योगायोग कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

इथपर्यंत सगळं पक्षाच्या मांडणीप्रमाणे चालतं. पण त्या तीन शब्दांत न बसणारंही बरंच काही चिनी लोक बोलतात. सामान्य माणसाला तिथे ‘लाओबायशिंग’ म्हणतात, शब्दशः ‘जुनी शंभर आडनावं’. आणि इंटरनेटवर कित्येक वर्षं एक वाक्य फिरतंय, त्याचा आशय असा: महासत्तेचा उदय नको, साध्या माणसाला मान द्या.

२३ जुलै २०११ रोजी वेन्झोऊजवळ दोन वेगवान रेल्वेगाड्या एकमेकींवर आदळल्या. ४० माणसं गेली. दुसऱ्याच दिवशी एक डबा यंत्रांनी फोडून तिथेच खड्ड्यात पुरायला सुरुवात झाली. शोध संपल्याचं सांगितल्यानंतर अडीच वर्षांची एक मुलगी जिवंत सापडली. डबा का पुरला, या प्रश्नावर रेल्वेच्या प्रवक्त्याने जे उत्तर दिलं, त्याचा शेवट ‘तुमचा विश्वास बसो न बसो, माझा तरी बसलाय’ असा होता. ते वाक्य आजही लोकांच्या तोंडी आहे. त्या आठवड्यात सरकारी वाहिनीवरच्या निवेदकाने थेट कार्यक्रमात विचारलं की, आपल्याला निर्धोक दूध मिळू शकेल का, कोसळणार नाही असं घर मिळू शकेल का. आणि देशाला विनवलं की जरा सावकाश चाल. दुधाचा उल्लेख उगाच नव्हता. तीन वर्षांपूर्वी, २००८मध्ये, बाळांच्या दूधभुकटीत मेलामाइन मिसळल्याचं उघड झालं होतं; जवळपास तीन लाख मुलं आजारी पडली, सहा दगावली. ती भुकटी करणारी मुख्य कंपनी शिजियाझुआंगची, जिथे कोटणिसांचा पुतळा आहे त्याच शहरातली. त्यानंतर कितीतरी वर्षं चिनी आईबाप हाँगकाँगहून पिशव्या भरून दुधाचे डबे आणत होते. जगातली दुसरी मोठी अर्थव्यवस्था, आणि आपल्या बाळाला आपल्या देशाचं दूध पाजायची भीती. मला वाटतं, चीनबद्दलची किती तरी पुस्तकं जे सांगत नाहीत ते या एका पिशवीत आहे.

आणि तरीही आज तेच लोक त्याच वेगवान रेल्वेचा अभिमान बाळगतात. २०२४च्या अखेरीस तिचं जाळं ४५ हजार किलोमीटरच्या पुढे गेलं होतं. या दोन्ही भावना खऱ्या आहेत. यातली एक खरी आणि दुसरी लादलेली, असं धरून चालणाऱ्याला चीन कळणार नाही.

मे २०२०मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ली केकियांग यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं की, देशातल्या ६० कोटी लोकांचं महिन्याचं उत्पन्न जेमतेम एक हजार युआन आहे. तेवढ्यात मध्यम शहरात खोलीही भाड्याने मिळत नाही. हा आकडा ऐकून शहरी चीन थक्क झाला होता. त्यातच सुमारे ३० कोटी स्थलांतरित कामगार आहेत. त्यांची नोंद गावच्या पत्त्यावर, कष्ट शहरात. नोंदणीच्या ‘हुकोऊ’ पद्धतीमुळे शहरातल्या सरकारी शाळेत मुलाला घालणं कठीण जातं, म्हणून मुलं गावी आजी-आजोबांकडे आणि आईबाप वर्षातून एकदा, वसंतोत्सवाला म्हणजे चिनी नववर्षाला घरी. तरुणांच्या भाषेत याच जगण्याचे शब्द आलेत. ‘नेयज्वान’ म्हणजे आतल्या आत गुंडाळत जाणं. सगळेच जास्त राबतात पण पुढे कुणीच सरकत नाही. ‘तांगपिंग’ म्हणजे सरळ आडवं होणं, शर्यतीतून बाहेर पडणं. ‘जिऊत्साय’ ही एक पात्यांची भाजी, कापली की पुन्हा उगवते. सामान्य माणूस स्वतःला तेच म्हणवतो.

हे सगळं मोजायचं कसं? हार्वर्डच्या अभ्यासकांनी २००३ ते २०१६ या काळात केलेल्या पाहण्यांत केंद्र सरकारबद्दल समाधानी असलेल्यांचं प्रमाण बहुतेक वेळा ९० टक्क्यांच्या वर होतं. गावपातळीवरच्या सरकारबद्दल मात्र बरंच कमी. सम्राट चांगला, अधिकारी वाईट, ही जुनी चिनी समजूत इथेही दिसते. पण उत्तर देणाऱ्याला आपलं नाव उघड होणार नाही अशी खात्री देणाऱ्या पद्धतीने विचारलं, तर हाच पाठिंबा बराच खाली येतो, असंही नंतरच्या संशोधनात दिसलं. माझ्या दृष्टीने सगळ्यांत बोलकी पाहणी मार्टिन व्हाइट, स्कॉट रोझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांची आहे. त्यांनी २००४, २००९, २०१४ आणि २०२३ साली लोकांना विचारलं की, माणूस गरीब का राहतो? पहिल्या तिन्ही वेळी लोकांचं उत्तर होतं, अंगात कुवत नाही, कष्ट कमी पडतात. २०२३मध्ये संधी सारखी मिळत नाही, व्यवस्थाच न्याय्य नाही, ही कारणं वर आली. पाच वर्षांत आपलं बरं चाललंय असं म्हणणारे २०१४मध्ये तीन चतुर्थांश होते, २०२३मध्ये ४० टक्क्यांच्या खाली आले. ज्या वर्षी ही शेवटची पाहणी झाली, त्याच वर्षी जूनमध्ये शहरी तरुणांतली बेकारी २१.३ टक्क्यांवर गेली आणि ऑगस्टमध्ये सरकारने ते आकडे छापणंच काही महिने थांबवलं.

तरुणांबद्दल एकच एक विधान करता येत नाही. त्सिंगहुआ विद्यापीठाचे यान शुएतोंग यांनी २०२२च्या सुरुवातीला तक्रार केली होती की, २०००नंतर जन्मलेले विद्यार्थी जगाकडे वरून खाली पाहतात. त्यांना वाटतं चीन तेवढा भला आणि पाश्चात्त्य वाईट. त्यांनी कुपन पाहिलं नाही, मार खाल्ला नाही, फक्त उंच इमारती पाहिल्या. आणि त्याच वर्षी मे महिन्यात, शांघायच्या टाळेबंदीत, याच तरुणांमधला एक जण दारात आलेल्या कर्मचाऱ्यांशी बोलतानाची चित्रफीत देशभर पसरली. सक्तीने विलगीकरणात यायला नकार दिलास तर तुझ्या तीन पिढ्यांवर परिणाम होईल, असं त्याला सांगितलं गेलं. तो शांतपणे म्हणाला, आमची पिढी शेवटची, धन्यवाद. चित्रफीत काढून टाकली गेली, वाक्य राहिलं. २०१६मध्ये चीनमध्ये पावणेदोन कोटींहून जास्त मुलं जन्मली होती, २०२३मध्ये ९० लाखांच्या आसपास.

जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेत टिकटॉकवर बंदी येणार अशी हवा झाली आणि लाखो अमेरिकी लोक ‘शियाओहोंगशू’ या चिनी अ‍ॅपवर येऊन थडकले. काही दिवस दोन देशांची साधी माणसं कुठल्याही सरकारी मध्यस्थाशिवाय एकमेकांशी बोलत होती. बोलायचे विषय होते पगार, घरभाडं, दवाखान्याचं बिल, रुग्णवाहिकेचे पैसे, आठवड्याचे कामाचे तास. चिनी लोकांनी त्याला ‘दुईझांग’ हे नाव दिलं. दुकानदार रात्री गल्ला बंद करताना वही आणि रोकड ताडून पाहतो, त्याला हा शब्द वापरतात. अमेरिकेतल्या उपचारांच्या खर्चाबद्दल बातम्यांत ऐकलेलं खरं निघालं म्हणून कित्येक चिनी चकित झाले. मग अमेरिकी लोकांनी कामाचे तास विचारले, आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस, हे गणित त्यांना समजावून सांगावं लागलं.